दोन आजार, एकच फाईल

"आधी ह्याची दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू." व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नातेवाइकांच्या तोंडून हे वाक्य सतत ऐकू येतं. पेशंटचं वाक्य नेमकं उलटं असतं: "टेन्शन गेलं की दारू आपोआप सुटेल." दोघांनीही एका आजाराला रांगेत मागे उभं केलेलं असतं. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा पॅनिकचा त्रास असलेल्या माणसाला दारूचंही व्यसन असेल, तर दोन्हींवर उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, आणि ते करणाऱ्यांना एकमेकांचं काम माहीत असायला हवं. नाहीतर दारू सुटते, उदासी तशीच राहते आणि सहाव्या आठवड्यात ती उदासीच माणसाला परत बारमध्ये नेते.

ही पोस्ट अशा पेशंटसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. औषधांची नावं आणि नेहमीचे डोस मुद्दाम दिले आहेत, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं काय कशासाठी आहे हे कळलं की गोळी मधेच सोडण्याचं प्रमाण कमी होतं. कोणाला काय आणि किती द्यायचं हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आधी नीट मोजा

"थोडीशी घेतो" याला अर्थ नाही. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. १० ग्रॅमचा एक पेग धरला तर एका क्वार्टरचे सहा पेग होतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे साधारण चार पेग, त्यामुळे "मी फक्त बिअर पितो, दोन बाटल्या" म्हणणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्तच पीत असतो. हातभट्टी किंवा ताडी असेल तर ताकदीचा अंदाज बांधता येत नाही. मग ग्लास किती, किती वाजता आणि किती वर्षं, एवढं लिहा.

डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती म्हणजे दिवसाचा पहिला घोट किती वाजता लागतो. सकाळी दात घासायच्या आधी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, असं असेल तर शरीर दारूवर अवलंबून आहे आणि पुढचा परिच्छेद दोनदा वाचायला हवा.

पहिले पाच दिवस

दारू मेंदूला सतत ब्रेक लावत असते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला असला की मेंदू तेवढाच ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. एके दिवशी ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर तसाच राहतो, याला आपण विड्रॉल म्हणतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि भीती सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. साधारण ४८ ते ९६ तासांमध्ये काहींना डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स) होतो: वेळ-जागा कळत नाही, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो, नाडी आणि बीपी चढतं. डीटीवर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

महाराष्ट्रात हे कधी घडतं ते पाहा. गटारी अमावस्येपर्यंत भरपूर पिऊन श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करणारे. गळ्यात माळ घातली म्हणून त्याच दिवशी सोडणारे. आणि ज्यांचा कोणी विचारच करत नाही असे: मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं म्हणून हाडांच्या वॉर्डात दाखल झालेले. तिथे दारू आपोआप बंद होते, आणि तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून पळायला लागतो. घरच्यांना वाटतं भूल चढली किंवा डोकं फिरलं. ऑपरेशन कोणतंही असो, दाखल करतानाच "रोज इतकी पितो, शेवटची अमुक वाजता घेतली" हे सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला सांगा. लाज वाटून लपवलेली ही एक गोष्ट जिवावर बेतते.

श्रावणात सोडायची इच्छा चांगलीच आहे, तिचा उपयोग करा. पण रोज सकाळी लागणाऱ्याने सोडायच्या आठ दिवस आधी डॉक्टरला गाठावं, आणि तोवर एका झटक्यात बंद करू नये.

उपचार तसे साधे आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देऊन पाच ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम वापरतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. यात एक चूक वारंवार होते. अशक्त दिसतो म्हणून गल्लीतला डॉक्टर ग्लुकोजची बाटली चढवतो. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, आणि रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते आधीच संपत आलेलं असतं. उरलंसुरलं संपलं की डोळे नीट फिरत नाहीत, चाल अडखळते आणि गोंधळ सुरू होतो. हा वेर्निकेचा आजार. वेळेत इंजेक्शनने थायमिन दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन दिलं का, हे विचारायला कचरू नका.

घरी सोडता येते का? येते, पण अटी आहेत. आधी कधी फिट किंवा डीटी झालेला नसावा, कावीळ किंवा हृदयविकार नसावा, आत्महत्येचे विचार किंवा भास नसावेत, रात्रंदिवस सोबत एक न पिणारा मोठा माणूस असावा, डॉक्टर रोज तपासणारा असावा आणि दवाखाना अर्ध्या तासाच्या अंतरात असावा. यातली एक अट जरी तुटली तरी ॲडमिट करा. मानसिक आजाराचं जुनं निदान असेल तर मी ॲडमिट करण्याच्याच बाजूने आहे, कारण विड्रॉलची भीती आणि मूळ आजाराची भीती घरात बसून वेगळी ओळखता येत नाही.

मेडिकलमधून आणलेल्या अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीच्या पट्टीवर विड्रॉल काढू नका. ती गोळी मेंदूत दारूच्याच जागेवर काम करते आणि काही आठवड्यांत दारूच्या जागी तिचीच सवय लागते. दारू आणि ती एकत्र घेतली तर श्वास मंदावून झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

दोन रेषांचा कागद

विड्रॉल उतरला की मुख्य प्रश्न येतो: उदासी दारूमुळे आहे की दारू उदासीमुळे? पिणं चालू असताना केलेलं नैराश्याचं निदान कच्चं असतं. दारूमुळे आलेली उदासी आणि चिंता बऱ्याच जणांत दोन ते चार आठवडे कोरडे (न पिता) गेले की स्पष्टपणे ओसरते. महिन्यानंतरही टिकली तर ती स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते. पण महिना थांबणं हा नियम सगळ्यांना लावायचा नाही. आत्महत्येचे विचार असतील, पूर्वी न पिण्याच्या काळातही नैराश्य आलं असेल, घरात बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल किंवा भास-संशय असेल, तर पहिल्या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाने औषध सुरू करण्याचा विचार करायला हवा.

निदानाला एका कागदाची मोठी मदत होते. आडवा कागद घ्या, वयाच्या पंधराव्या वर्षापासून आजपर्यंत खुणा करा. वरच्या रेषेवर दारू: कधी सुरू, कधी रोजची, कधी सकाळची, कधी बंद. खालच्या रेषेवर मन: झोप उडालेले महिने, न रडता येणारे महिने, अति उत्साहाचे आणि कर्ज काढून खर्च केलेले दिवस, भास, पॅनिकचे झटके. मधे बारावी, नोकरी, लग्न, मृत्यू. नंतर वरच्या रेषेवरचे कोरडे तुकडे शोधा. वारीला माळ घातलेले सहा महिने असतील, कुवेतच्या नोकरीत दारू मिळत नव्हती तो दोन वर्षांचा काळ असेल. त्या काळात खालची रेषा कशी होती? मन छान होतं तर संशय दारूवर घ्यावा. दारू नसतानाही मन तळाला होतं, तर दुसरा आजार स्वतःच्या पायावर उभा आहे. हा कागद पेशंटने एकट्याने आणि बायकोने किंवा भावाने वेगळा भरावा. दोन कागदांतला फरकच डॉक्टरला खूप काही सांगतो.

काही आजार दारूच्या आड हमखास लपतात. बायपोलरमधला उन्मादाचा काळ घरच्यांना "दारूचा माज" वाटतो. खूण अशी की झोपेची गरज आधी कमी होते, तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, आणि पिणं त्यानंतर वाढतं. सकाळची धडधड पॅनिक वाटते, पण ती रात्रीच्या दारूचा छोटा विड्रॉल असू शकते. बायकोवरचा संशय सगळ्यात घातक. प्यायलेला असताना भांडणात आलेला संशय वेगळा, आणि कोरडा असतानाही तिचा फोन तपासणं, कपडे तपासणं, पाठलाग करणं वेगळं. दुसरा प्रकार भ्रमाचा आजार असू शकतो. त्यावर औषधं आहेत, आणि त्यात बायकोच्या जिवाला खरा धोका असतो, म्हणून ते "दारूमुळे बोलतो" म्हणून सोडून देऊ नका.

कानात आवाज येण्याबद्दल थोडंसं. शुद्धीवर असताना शिव्या देणारे, आरोप करणारे आवाज दारू कमी केल्यावर सुरू झाले असतील तर ते बहुतेकदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत थांबतात. त्यापुढे चालू राहिले तर स्किझोफ्रेनियाच्या दिशेने तपासायला हवं.

चिठ्ठीवरच्या गोळ्या

दारूसाठीची औषधं आणि मनासाठीची औषधं एकत्र चालतात, पण सगळ्याच जोड्या जमत नाहीत.

डायसल्फिराम, म्हणजे "दारू प्यायल्यावर त्रास देणारी गोळी", साधारण रोज २५० मिलिग्रॅम. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड ती शरीरात साचू देते. मग चेहरा लाल होतो, डोकं फुटतं, उलट्या होतात, धडधडतं, बीपी कोसळू शकतं. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय सुरू करायची नाही, आणि बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. स्वतःच्या इच्छेने आणि घरच्यासमोर गिळली तर काहींना ती खूप आधार देते: आज प्यायचं की नाही हा निर्णय सकाळी एकदाच होतो. पण भास-भ्रमाचा आजार तिने उसळू शकतो, त्यामुळे स्किझोफ्रेनियाच्या किंवा उन्मादाच्या पेशंटला ती सहसा देत नाहीत. मेट्रोनिडाझोल ही जुलाबावरची नेहमीची गोळी तिच्यासोबत घेतली तर माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो.

आता भिंतीवरच्या जाहिराती. "न सांगता दारू सोडवा" असं लिहिलेली पावडर चहात, भाजीत मिसळली जाते. आत काय आहे हे सांगितलेलं नसतं, आणि त्यात डायसल्फिराम निघू शकतं. ज्याला माहीत नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि बीपी कोसळून, हृदयाचे ठोके बिघडून मरू शकतो. वाचला तर पुढे घरचं अन्न खात नाही. आधीच "मला विष घालताहेत" हा भ्रम असलेल्या माणसाला तुम्ही त्या भ्रमाचा पुरावाच हातात देता, आणि त्यानंतर तो कोणाच्याही हातची गोळी घेत नाही. कळवळ्याने केलेलं असलं तरी हे करू नका.

डायसल्फिराम चालू असताना आयुर्वेदिक आसव-अरिष्टं बंद ठेवायची. दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट, कुमारीआसव यांत आंबवताना तयार झालेलं ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीतले मूळ अर्क, अल्कोहोलवाला माउथवॉश, आफ्टरशेव्ह यांच्याही बाटल्या वाचा. "शक्तीसाठी" म्हणून आईने प्रेमाने दिलेलं अरिष्ट स्लिपचं (सोडल्यावर परत पिण्याचं) कारण ठरू शकतं, गोळी चालू नसली तरीही.

नाल्ट्रेक्झोन ५० मिलिग्रॅम पिण्यातली मजा आणि तलफ कमी करते. पिणं पूर्ण थांबलेलं नसतानाही सुरू करता येते, हा तिचा फायदा. ट्रॅमाडॉल किंवा कोडिनसारखी अफूच्या कुळातली औषधं चालू असतील तर ती चालत नाही, आणि लिव्हरची तपासणी आधी लागते. ॲकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा: लिव्हरवर भार नाही, पण किडनी तपासावी लागते. दिवसाला सहा गोळ्या म्हटल्यावर दुपारच्या दोन चुकतात, म्हणून त्या जेवणाच्या डब्यातच ठेवा. लिव्हर फारच खराब असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो, आणि ते एकदम बंद करायचं नसतं.

नैराश्याच्या गोळ्यांत, समजा सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅममध्ये, पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि अस्वस्थता येते; फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. नेमक्या याच फटीत पेशंट गोळी सोडतो आणि बाटली धरतो. हे पंधरा दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या काळात दर चार दिवसांनी डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोला. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. बायपोलर असलेल्याला नैराश्याची एकटी गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो, म्हणून दोन रेषांचा तो कागद डॉक्टरला पहिल्या भेटीतच दाखवा.

बायपोलरसाठी लिथियमवर असणाऱ्यांनी पाण्याकडे लक्ष द्यावं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० ठेवतात आणि विषबाधा त्याहून फार दूर नसते. दारूनंतरच्या उलट्या, विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन, पाण्याशिवाय केलेला निर्जळी उपवास, आणि डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, या सगळ्यांनी पातळी चढते. हात जोरात थरथरणं, जुलाब, बोलणं अडखळणं, झोकांड्या जाणं दिसलं तर "परत प्यायला" असं ठरवण्याआधी रक्त तपासा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. बायपोलरचंच दुसरं औषध व्हॅल्प्रोएट असेल तर लिव्हरकडे लक्ष. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही भास-भ्रमावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. केंद्रात विडी बंद झाली की त्याच डोसने सुस्ती आणि गुंगी वाढते. गुटखा किंवा मिश्री सोडल्याने हे होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे.

"प्यायलोय, म्हणून आज गोळी घेतली नाही." हे जवळजवळ सगळे करतात. एका दिवसाचे तीन दिवस होतात, तिसऱ्या दिवसापर्यंत झोप जाते आणि बायपोलर उसळतो. प्यायल्यावर कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती टाळायची हे शुद्धीत असताना डॉक्टरकडून लिहून घ्या. सहसा मूळ आजाराची गोळी चुकवायची नसते आणि झोपेची गोळी दारूवर घ्यायची नसते.

फायलीत हे असू द्या: रेषांचा कागद, सगळ्या गोळ्यांची एक यादी, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट, आधीच्या फिट आणि डीटीच्या तारखा, आणि घरी फोन कोणाला करायचा ते नाव. जीजीटी हा लिव्हरचा आकडा दारू थांबल्यावर काही आठवड्यांत उतरतो, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही सुधारायला दोन ते चार महिने लागतात. हे दोन आकडे उतरताना दिसले की पेशंटला स्वतःच्या कष्टाचं माप मिळतं. घरच्यांनी रोज तोंडाचा वास घेण्यापेक्षा हे रिपोर्ट सोबत बसून पाहावेत.

झोप, पैसा, संध्याकाळ

दारू सुटल्यावर झोप सगळ्यात शेवटी परत येते. काही आठवडे, कधी काही महिने, रात्री तीनला जाग येते, आणि दारू पीत असल्याची स्वप्नं पडतात. ती स्वप्नं म्हणजे स्लिप नव्हे. सकाळी उठून कोणाला तरी सांगून टाका. उठायची वेळ ठरलेली ठेवा, झोपायची नाही. दुपारनंतर चहा बंद. बायपोलर असेल तर झोपेचे तास रोज लिहा. सलग दोन रात्री चार तासांच्या खाली गेल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

तलफ कायम टिकत नाही. ती चढते आणि बहुतेकदा १५ ते ३० मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचं काम आधी ठरवलेलं हवं: जेवून घेणं, अंघोळ, ठरलेल्या माणसाला फोन, बार नसलेल्या रस्त्याने चालणं. चार गोष्टी आधी तपासा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. संध्याकाळी सहाला पोट भरलेलं असलं तरी खूप फरक पडतो. शेंगदाणे-गूळ खिशात ठेवा. नैराश्य असलेल्यांनी पाचवी गोष्ट जोडावी: आज गोळी घेतली का?

पगाराच्या दिवशी हातात रोख नको. यूपीआय ज्या खात्याला जोडलेलं आहे त्यात थोडेच पैसे ठेवा, बाकी दुसऱ्या खात्यात. ३१ डिसेंबर, गटारी, शिमगा, मित्राची हळद यांचं उत्तर आठ दिवस आधी ठरवा. "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरने मना केलंय" हे वाक्य खरंही आहे आणि आग्रह थांबवणारंही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा फुकट असतात आणि मराठीतही होतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन इथे सुरू झालेल्या या बंधुत्वात यायला पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट आहे. कधीकधी एखादा जुना सदस्य म्हणतो, गोळ्या घेणारा खरा सोबर नाही. एएचं स्वतःचं साहित्य उलट सांगतं: डॉक्टरने दिलेल्या औषधांबाबत सदस्यांनी डॉक्टरकी करू नये. अशा माणसाचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवा किंवा दुसरा ग्रुप शोधा, पण मीटिंग सोडू नका. नैराश्याच्या गोळीची तलफ लागत नाही, तिचा डोस संध्याकाळी आपोआप वाढत नाही, तिच्यासाठी कोणी मंगळसूत्र विकत नाही.

स्लिप झालीच तर पहिले २४ तास महत्त्वाचे. उरलेली ओता, खा, फोन करा, आणि मनाच्या गोळ्या लिहून घेतल्याप्रमाणे चालू ठेवा. पिणं आठवडाभर चाललं असेल तर परत स्वतःहून एकदम थांबू नका: प्रत्येक विड्रॉल आधीच्यापेक्षा तीव्र होत जाण्याची शक्यता असते. सावरल्यावर आधीचे तीन दिवस तासातासाने लिहा. बहुतेक वेळा पहिल्या घोटाच्या आधी दोन रात्रींची झोप, चुकलेल्या गोळ्या किंवा टाळलेला फोन सापडतो. पुढच्या वेळी पहारा तिथे ठेवायचा.

कुठे जायचं, आणि तिथे काय विचारायचं

पुण्यात १९८६ पासून येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याहून सुरू झालेलं कृपा फाउंडेशन आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. प्रत्येकाला दाखल व्हावं लागतं असंही नाही. गोव्यात संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकडून थोडक्या भेटींचं समुपदेशन देऊन पाहिलं, आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. व्यसन पक्कं व्हायच्या आधीच्या टप्प्यावर हे पुरतं.

खासगी केंद्र निवडताना विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री डॉक्टर कोण? फिट आली तर कोणत्या हॉस्पिटलला नेता? आधीच्या मानसिक गोळ्या चालू ठेवता का? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवाल का? "इथे कसल्याच गोळ्या देत नाही, मनोबलावर सोडवतो" हे उत्तर मिळालं तर परत फिरा. गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेणं, साखळीने बांधणं, मारहाण करणं याला कोणताही आधार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरतो, आणि साखळीने बांधण्यावर त्यात स्पष्ट बंदी आहे. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच स्थान दिलं आहे. पॉलिसी नाकारली तर कारण लेखी मागा.

आत्महत्येचा धोका दोन्ही आजार एकत्र असताना बराच वाढतो, विशेषतः स्लिपनंतरच्या दिवसांत आणि केंद्रातून घरी आल्यावरच्या पहिल्या महिन्यात. थेट विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. शेतीची औषधं घरात ठेवू नका, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. गोळ्या आठवड्यापुरत्याच हाताशी असाव्यात. माणूस प्यायलेला आणि निराश असेल तर त्या रात्री एकटा सोडायचा नाही, आणि वाद तर अजिबात घालायचा नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

बरं असतानाच आणखी एक काम उरकून घ्या. आजार उसळला आणि स्वतःला निर्णय घेता येईना, तर आपल्या वतीने कोणी बोलायचं हे मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार साध्या कागदावर लिहून सही केली की ठरवता येतं. याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिने होकार द्यायला हवा. सगळ्यात जवळचा नातेवाईकच असावा असं नाही. जो प्यायला बसत नाही, जो रात्री दोनला फोन उचलतो आणि ज्याला तुमच्या गोळ्यांची नावं माहीत आहेत, त्याचं नाव लिहा. कागदाची एक प्रत त्याच्याकडे आणि एक डॉक्टरकडे द्या.